खेळातला दगड आणि उलव्याची टेकडी



मोबाईल आणि कॉम्प्युटरवरच्या खेळांबद्दल पालकसभेत तक्रारीच जास्त येतात, आणि त्या बऱ्याचदा रास्तही असतात. तरी आज एका खेळाची बाजू घ्यावीशी वाटते, कारण त्यातली एक सोय आपल्या भूगोलाच्या तासाला थेट उपयोगी आहे.

टार्न आणि झॅक ॲडम्स या भावांचा 'ड्वार्फ फोर्ट्रेस' हा खेळ २००६ साली आला. बुटक्यांची एक टोळी डोंगर पोखरून वसाहत उभी करते. दगड भरपूर निघतो, त्याची दारं, टेबलं, भिंती होतात. पण सगळा दगड सारखा नसतो. चुनखडी, संगमरवर यांसारख्या दगडांशिवाय पोलाद बनत नाही. म्हणून खेळातल्या दगडांच्या यादीत असे कामाचे दगड आधीपासूनच राखीव असतात. खेळणाऱ्याने मुद्दाम परवानगी दिल्याशिवाय पाथरवट त्यांना हात लावत नाही. परवानगी दिली की दार मिळतं, पण पोलादाच्या वेळी हात रिकामे! आधी विचार, मग खर्च, हे मुलांना तिथे कोणी न सांगता कळतं.

आता आपल्याकडे बघा. उलव्याची टेकडी सुमारे ९० मीटर उंच होती. विमानतळासाठी ती सुरुंग लावून फोडली, तिचाच दगड सखल जागेच्या भरावात गेला. उलवे नदीचा प्रवाह वळवला. गावं उठून दुसरीकडे वसली. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं आणि २५ डिसेंबरपासून विमानं उडू लागली. उलवे नोडमध्ये नव्याने राहायला आलेल्या कितीतरी मुलांना इथे टेकडी होती हेच ठाऊक नाही.

कोणी म्हणेल, विकासाला दगड लागणारच. खरं आहे. आपण राहतो त्या इमारतींच्या काँक्रीटमध्ये खडीच आहे. दगड वापरू नका, असं माझं म्हणणं नाही. हिशेब मांडल्याशिवाय वापरू नका, एवढंच म्हणणं आहे. कायद्याच्या भाषेत बांधकामाचा दगड म्हणजे 'गौण खनिज'. सरकार त्याचं स्वामित्वधन ब्रासवर घेतं. पण टेकडी अडवत होती तो वारा, मुरवत होती ते पाणी, तिच्यावरची झाडं, हे कुठल्या ब्रासमध्ये मोजायचं? समोर खाडीपलीकडे घारापुरीची लेणी याच काळ्या पाषाणात कोरलेली आहेत. १९८७ साली ती जागतिक वारसा ठरली. तिथे दगडाचं मोल तो जागेवर राहिला यातच आहे.

आणखी एक फरक मुलांना जरूर सांगावा. खेळात लाव्ह्यावर पाणी सोडलं की नवा दगड तयार होतो. आपल्या सह्याद्रीचा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड झाला. 'अपुनर्नवीकरणीय' हा अवघड शब्द पाठ करण्यापेक्षा हे एक वाक्य जास्त शिकवून जातं.

वर्गात करायला सोपा उपक्रम देते. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. २० फूट लांब, २० फूट रुंद आणि १० फूट उंच वर्गखोली दगडाने भरली तर ४,००० घनफूट, म्हणजे ४० ब्रास. एका डंपरमध्ये ५ ब्रास मावतात असं धरलं तर ८ फेऱ्या. गणित झालं की मुलांना तीन प्रश्न विचारा: हा दगड कुठून आला? तिथे तो काय काम करत होता? तो पुन्हा मिळेल का?

पालकांनाही एक विनंती. मुलगा किंवा मुलगी असा खेळ खेळत असेल तर रागावण्याआधी एकदा विचारा, "तू कोणता दगड राखून ठेवलास, आणि का?" मग गावच्या आजी-आजोबांशी मुलांची गाठ घालून द्या. टेकडी कशी दिसायची, पावसाळ्यात पाणी कुठून वाहायचं, हे सांगणारी माणसं अजून आपल्यात आहेत. उद्या हीच मुलं नगररचनाकार, इंजिनिअर, नगरसेवक होतील. पुढच्या टेकडीवर सुरुंग लावायची परवानगी देताना यादीतला राखीव दगड कोणता, हे त्यांनी आधी विचारलं पाहिजे. ती सवय लावणं आपल्या हातात आहे.