जबड्याच्या सुईआधी निदान

लग्नसराई आली की चेहरा निमुळता करून देणाऱ्या इंजेक्शनांच्या जाहिराती मोबाइलवर दिसू लागतात. ही सुई आता नटनट्यांपुरती राहिलेली नाही. पण या एकाच नावाखाली दोन निरनिराळी औषधे टोचली जातात. त्यांतले आपल्याला कोणते दिले, हे अनेकांना सांगता येत नाही.

पहिले औषध बोटुलिनम टॉक्सिन, म्हणजेच बोटॉक्स. दातांवर दात घट्ट दाबले की जबड्याच्या कोपऱ्यावर जो गोळा हाताला लागतो, तो चावण्याचा स्नायू. मज्जातंतूकडून त्याला मिळणारा संदेश हे औषध अडवते. काम कमी झालेला स्नायू काही आठवड्यांत बारीक होतो. काही महिन्यांनी परिणाम ओसरतो आणि पुन्हा सुई, पुन्हा खर्च. दुसरे औषध डीऑक्सिकोलिक अ‍ॅसिड. ते चरबीच्या पेशी फोडते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१५ मध्ये त्याला मान्यता दिली ती हनुवटीखालच्या चरबीसाठी.

म्हणून जबडा रुंद का दिसतो, हा प्रश्न आधी सुटला पाहिजे. हाडच रुंद असेल तर दोन्ही औषधे निरुपयोगी. चरबी असेल तर बोटॉक्सचा उपयोग नाही. कानाखालची लाळग्रंथी सुजली असेल, विशेषतः एकाच बाजूला, तर सुई नव्हे, तपासणी हवी. स्नायू वाढला असेल तर त्यालाही कारण असते: कुणी झोपेत दात खातो, कुणी दिवसभर सुपारी किंवा गुटखा चघळतो. सुपारी खाणाऱ्याचे तोंड पूर्ण उघडते का, हे पाहिलेच पाहिजे. सुपारीमुळे तोंडातील अस्तर कडक होत जाते आणि पुढे कर्करोगाचा धोका असतो. अशा माणसाला केवळ निमुळता चेहरा देऊन घरी पाठवणे म्हणजे आजार नजरेआड करणे.

बोटॉक्स शेजारच्या स्नायूत उतरले तर हसू वाकडे होते. चावण्याचा जोरही कमी होऊ शकतो. चरबीच्या औषधाने चेहऱ्याच्या नसेला इजा होऊ शकते. योग्य हातांत हे त्रास बहुधा तात्पुरते असतात. बनावट औषधाबाबत अशी खात्री नाही. एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेत बनावट बोटॉक्सबद्दल सरकारी इशारा निघाला. काही जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले होते.

गरोदर व स्तनदा स्त्रियांनी आणि स्नायूंच्या दुबळेपणाचा आजार असलेल्यांनी ही सुई टाळावी. इतरांनी डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक विचारावा. कुपी समोर उघडायला सांगावी. औषधाचे नाव, बॅच क्रमांक, मुदत आणि मात्रा लिहून घ्यावी. हे विचारल्यावर जिथे कपाळाला आठ्या पडतात, तिथून उठून यावे. आणि सुईनंतर गिळायला, बोलायला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला, तर वाट न पाहता थेट रुग्णालय गाठावे.