काजवे सरले की सायकल काढा

या अंकात भंडारदरा आहे, पण सायकलवरून. शेंडीहून मुरशेत, पांजरे, घाटघर, साम्रद, रतनवाडी आणि पुन्हा शेंडी; १९२६ साली पूर्ण झालेल्या विल्सन धरणानं अडवलेल्या प्रवरेच्या पाण्याला अख्खा वळसा. आडवारी सकाळी रस्त्यात आडव्या येतात त्या फार तर म्हशी. रतनवाडीत अमृतेश्वराच्या पुष्करिणीपाशी थांबावं, मान वर करून रतनगडाचं नेढं शोधावं. काजव्यांच्या हंगामात, त्यातून शनिवार-रविवारी, इथं गाड्यांची रीघ लागते. तेव्हा हा रस्ता सायकलचा नाहीच, आमचं स्पष्ट मत. पंक्चरचं सामान जवळ ठेवा, वाटेत दुकानाच्या भरवशावर राहू नका. जेवण गावातच घ्या आणि प्लास्टिक मात्र सोबत परत आणा.