मसुरीचे सोबती

मसूर निवडावयास बसलें म्हणजे ताटांत अधूनमधून एखादा वाटोळा, काळपट दाणा सांपडतो. मसुरीचा दाणा दोन्ही अंगांनीं चपटा. हा वाटाण्यासारखा गरगरीत, पण त्याहून पुष्कळ लहान. घरांतील वडील स्त्रिया त्याचें नांव न विचारतां तो बाजूस काढतात. आतां पुडींतील डाळ न निवडतांच आधणांत पडूं लागली आहे. म्हणून ह्या खेपेस ह्या दाण्याचें कुलशील सांगावें असें आम्हांस वाटलें.

हा दाणा बहुधा अंकरीचा असतो. उत्तर भारतांत गहूं, हरभरा व मसूर यांच्या शेतांत हिंवाळ्यांत हें तण उगवतें. पानें मसुरीसारखींच, लहान लहान दलांच्या जोड्यांचीं व शेंड्याशीं तणावे असलेलीं. त्यामुळें कोंवळेपणीं दोहोंत गल्लत होते. लिनीअसनें १७५३ सालीं अंकरीस व्हिसिया सटायव्हा हें नांव दिलें. परंतु मसूर व अंकरीचीं दोन धाकटीं भावंडें यांना त्यानें एर्व्हम ह्या एकाच वंशांत घातलें होतें. ह्यावरून साम्य किती आहे तें ध्यानांत येईल.

ओळख पटण्यास फूल पाहावें. अंकरीचीं फुलें जांभळट गुलाबी असून तीं पानाच्या बगलेंत, एकटीं वा जोडीनें, जवळजवळ देंठावांचून बसलेलीं असतात. मसुरीचीं फुलें अगदीं लहान, फिकीं व बारीक देंठावर येतात. फूल नसेल तर पानाच्या बुडाशीं असणारें उपपर्ण पाहावें. अंकरीच्या उपपर्णावर बहुधा एक काळसर ठिपका असतो. त्यांतून मधुर रस पाझरतो, म्हणून तेथें मुंग्या घोटाळतात. मसुरीची शेंग आंखूड, चपटी, एकदोन दाण्यांची. अंकरीची लांबट व बहुदाणी.

धाकट्या भावंडांपैकीं झुनझुनीचीं फुलें निळसर पांढरीं व इवलींशीं असून लांब देंठावर झुपक्यानें येतात. तिची शेंग केंसाळ व दोन दाण्यांची असते. दुसरीची शेंग गुळगुळीत, बहुधा चार दाण्यांची. जंगली मटर म्हणून जें ओळखलें जातें त्यास फूल पिंवळें. त्याचीं पानें म्हणून जीं दिसतात तीं वास्तविक मोठालीं उपपर्णेंच होत.

ह्यांचीच नातलग लाख, जिला विदर्भांत लाखोळी म्हणतात. तिच्या खोडास दोन्ही बाजूंस पातळ पंखासारख्या कडा असतात. पानास गवतासारखीं दोन लांब दलें, फूल एकेकटें, निळें किंवा पांढरें, आणि दाणा कोनाकोनांचा असतो. संस्कृतांत तिला त्रिपुट म्हणतात.

येथें आमच्या एका चुकीची कबुली देणें प्राप्त आहे. संस्कृत शिकवीत असतां एकदां कलाय हा शब्द आला. आम्हीं फळ्यावर 'वाटाणा' असा अर्थ लिहिला, आणि ज्ञान सांगण्याच्या भरांत सुश्रुतानें कलायखंज नांवाचा पायांचा विकार वर्णिला आहे, हेंही ऐकविलें. तेव्हां पूर्व विदर्भांतून आलेल्या एका मुलानें विचारलें, "गुरुजी, वाटाणा खाऊन कोणी लंगडें होतें काय? आमचे आजोबा लाखोळी खाऊन काठीवर आले." वर्ग हंसला. "शब्दाचा अर्थ विचारला आहे, घरची हकीकत नव्हे," असें म्हणून आम्हीं त्यास खालीं बसविलें.

पुढें कित्येक वर्षांनीं भावप्रकाश वाचतां वाचतां त्रिपुटानें पांगळेपण येतें हा उल्लेख आढळला, आणि आम्ही ओशाळलों. कलायखंजांतील कलाय तो हाच, असें अनेक विद्वानांचें मत आहे. स्लीमन साहेबाच्या १८४४ सालच्या पुस्तकांत सागर जिल्ह्याची हकीकत आहे: लागोपाठ वर्षें गहूं बुडाला, त्याच शेतांत आपोआप उगवलेली लाख मात्र तगली, लोकांनीं तिच्यावर दिवस काढले, आणि धडधाकट तरुणांचे पाय गेले. महिनोन्महिने लाख हेंच मुख्य अन्न झालें म्हणजे हा विकार जडतो, व जडला कीं तो सहसा बरा होत नाहीं. १९६१ सालीं सरकारनें तिच्या विक्रीस बंदी घातली. पुढें कमी विषाचे वाणही काढण्यांत आले.

अंकरीही निर्दोष नव्हे. तिच्या दाण्यांत मज्जातंतूंस बाधक असें द्रव्य असतें. तिच्या एका वाणाची डाळ मसुरीच्या डाळीसारखीच केशरी दिसते. ती ऑस्ट्रेलियांतून मसुरीच्या नांवावर परदेशीं खपत असल्याचा इशारा तेथील शास्त्रज्ञांनीं १९९२ सालीं 'नेचर' ह्या नियतकालिकांत दिला. भरडलेल्या डाळींत फूल नाहीं, शेंग नाहीं, ठिपका नाहीं. मग ओळखावें कशावरून?

ह्यास्तव आमची विनंती एवढीच कीं, शक्य तेथें मसूर अख्खी आणावी, घरींच निवडावी, आणि निवडतांना मुलांस जवळ बसवावें. काढलेला दाणा त्यांच्या तळहातावर ठेवून त्याचें नांव सांगावें. त्यांनीं उलट कांहीं विचारल्यास, आणि उत्तर आपणांस ठाऊक नसल्यास, त्यांना खालीं बसवूं नये.