यंत्राला विमा, पाठीला काय?

नांदेड आणि लातूर येथील कचेऱ्या, विद्यापीठ, बँका, इस्पितळे आता संगणकीय जाळ्यावर चालतात. या प्रगतीचे कौतुक व्हावे. परंतु या जाळ्याची यंत्रे ज्या पोलादी रॅकमध्ये बसतात, ती रॅक कोण भरतो आणि कोणत्या धोक्यात भरतो, हा प्रश्न एकाही उद्घाटनाच्या भाषणात निघत नाही. पन्नास-साठ किलोंचा स्विच जिन्यावरून वर नेतो तो रोजंदारीचा हमाल. तो रॅकमध्ये चढवितो तो पोटकंत्राटदाराने धाडलेला पोरसवदा तंत्रज्ञ.

हे काम सुरक्षितपणे कसे करावे, हे काही गूढ नव्हे. आयबीएमच्या पुस्तिकांत १८ किलोंपासून दोन, ३२ पासून तीन आणि ५५ पासून चार माणसे सांगितली आहेत. आधी रॅक जमिनीला बोल्टांनी जखडावी. सर्वांत जड यंत्र तळाशी, हलके वर बसवावे. वीजपुरवठ्याचे सुटे भाग आधी काढून यंत्र हलके करावे. त्या भागांच्या मुठी धरून ते उचलू नये. रुळांवरून एका वेळी एकच यंत्र पुढे ओढावे. दोन ओढली की गुरुत्वमध्य पुढे सरकतो आणि रॅक माणसावर कोसळते. ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट पाहिलेल्या मुलखात चार बोल्टांचा खर्च वाचविणे हा निष्काळजीपणा नव्हे, अपराध आहे.

“एवढे बारकावे निविदेत कशाला?” असे शहाणे विचारतात. यंत्राचा वेग, हमी, वॉरंटीची वर्षे हे बारकावे निविदेत असतातच ना? मग उचलणाऱ्या माणसांची संख्याच तेवढी का वगळली जाते? कारण उघड आहे. यंत्र मोडले तर भरपाई मागितली जाते. मणका मोडला तर मजूर बदलला जातो.

हा लढा नवा नाही. इजा होईल इतके ओझे कोणाला उचलावयास लावू नये, असे १९४८ च्या कारखाने कायद्याच्या कलम ३४ ने बजावले होते. ५५ किलोंवरील ओझी कमी करावीत, अशी शिफारस आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली केली. हमालांच्या चळवळीच्या रेट्याने महाराष्ट्रात १९६९ चा माथाडी कायदा झाला. लातूरच्या आडतीत जे ओझे जड, ते काचेच्या दाराआड गेल्याने हलके होत नाही.

म्हणून कार्यकर्त्यांनी आपापल्या गावी तीन गोष्टींचा आग्रह धरावा: प्रत्येक निविदेत यंत्राचे वजन व माणसांची संख्या लिहिलेली असावी, उचलण्याचे यंत्र कंत्राटदाराने पुरवावे, आणि हमालाची नोंद माथाडी मंडळात व्हावी. यंत्राइतकी तरी किंमत माणसाला द्या, ही मागणी दयेची नव्हे, हक्काची आहे.