ताटातलं हाड, दारातला मोती

मैत्रिणींनो, रविवारी दुपारी जेवणं आटोपली की सामिष घरांमधून एक काम ठरलेलं असतं. ताटं उचलायची, खरकटं एका थाळीत गोळा करायचं, चोखून टाकलेली हाडं त्यावर ठेवायची आणि मागच्या दाराशी जाऊन हाक मारायची, "मोत्याऽ, यू यू यू!" मोती शेपटी हलवत येतो, हाड उचलतो आणि अंगणाच्या कोपऱ्यात दोन पायांत धरून कडाकडा फोडतो. आपल्यालाही बरं वाटतं. अन्न वाया गेलं नाही, मुक्या जिवाच्या मुखी लागलं.

आज मला या हाडाविषयीच लिहायचंय. कुणी म्हणेल, बायकांच्या पुरवणीत हा कसला विषय? सांगते. घरात कुत्रा आणतं कोण? मुलगा हट्ट करतो, नाहीतर ह्यांचा कुणी मित्र पिल्लू आणून देतो. आपल्याला विचारतातच असं नाही. पण पंधरा दिवसांत त्याची भाकरी, त्याचं पाणी, त्याने अंगणात केलेली घाण, सगळं अलगद आपल्याकडे येतं. त्याच्या पोटात काय जाणार हे शेवटी ताट उचलणारी बाईच ठरवते. मग त्याची माहितीही तिलाच असायला हवी ना?

तर आधी सरळ सांगून टाकते. शिजवलेलं हाड कुत्र्याला देऊ नये. मटणाचं नाही, आणि कोंबडीचं तर मुळीच नाही.

कारण साधं आहे. कच्च्या हाडात थोडा ओलावा असतो, थोडी लवचीकता असते. कुकरच्या पाच-सहा शिट्ट्या झाल्या की ती जाते आणि हाड ठिसूळ होतं. कुत्र्याने दाढेखाली धरलं की त्याच्या सुईसारख्या टोकदार कपच्या निघतात. कोंबडीचं हाड तर मुळातच बारीक आणि पोकळ. ही कपची घशात रुतते, अन्ननलिकेत अडकते, कधी आतड्याला भोक पाडते. टोचली नाही तरी हाडांचा चुरा आतड्यात दगडासारखा घट्ट बसतो आणि कुत्रा दोन-दोन दिवस कुंथत राहतो. कोकणातल्या मैत्रिणींनी यात माशाचे काटेही धरावेत.

शिवाय आपलं हाड काही नुसतं हाड नसतं. ते वाटणातून आलेलं असतं. कांदा, लसूण, खोबरं, मीठ, तिखट, वर तेलाचा तवंग. कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो, आणि तो शिजवला म्हणून त्याचा दोष जात नाही. एका घासाने काही होणार नाही, पण रोज रस्सा कालवलेली भाकरी खाणारा कुत्रा अशक्त का दिसतो, त्याच्या हिरड्या पांढऱ्या का पडल्या, याचं उत्तर कधीकधी आपल्या पातेल्यात असतं.

आता तुमच्या ओठांवर आलेलं वाक्य मला माहीत आहे. "अहो, आमचा टायगर दहा वर्षं हाडं खातोय, त्याला काही झालं नाही!" खरं आहे. रस्ता न बघता ओलांडणारी माणसंही पुष्कळ जगतात. पण गावात जे कुत्रे हाड अडकून मेले ते मोजले कुणी? दोन दिवस खाल्लं नाही, गोठ्यामागे जाऊन पडला, तिसऱ्या दिवशी गेला. आपण म्हणतो, "काहीतरी विषारी खाल्लं असेल", नाहीतर "कुणीतरी काहीतरी घातलं असेल". पोट फाडून बघायला कोण जातं?

आमच्या शेजारच्या वहिनींकडे एक गावठी कुत्री आहे, चंपी. तिने एकदा नळीचं हाड चघळलं. मटण घेताना आपण हौसेने मागून घेतो ना, तीच नळी. आतला गर चाटता चाटता ते गोल कडं तिच्या खालच्या जबड्यात, सुळ्यांच्या मागे, बांगडीसारखं अडकून बसलं. ना तोंड मिटता येई, ना पाणी पिता येई. लाळ गळतेय, पंजाने तोंड ओरबाडतेय. वहिनींच्या मुलाने पक्कड आणली, ती मात्र वहिनींनी वेळीच हिसकून घेतली. जबडाच मोडला असता! शेवटी रिक्षा करून तिला दवाखान्यात नेलं. तिथले डॉक्टर दौऱ्यावर, म्हशीच्या बाळंतपणाला गेलेले. ते संध्याकाळी आले, भूल दिली, कडं कापलं, तेव्हा कुठे चंपी सुटली. हाड नुसतं दातात होतं म्हणून निभावलं. पोटात असतं तर?

खरी गोष्ट ही आहे. पुण्या-मुंबईत रात्री अकरा वाजताही कुत्र्याचा एक्स-रे निघतो, ऑपरेशन होतं. आपल्या तालुक्याच्या गावात पशुवैद्यकीय दवाखाना असतो, डॉक्टरही चांगले असतात, पण तिथलं काम गाई-म्हशी-शेळ्यांचं. लहान जनावराच्या पोटाचं ऑपरेशन म्हटलं की बहुतेकदा जिल्ह्याचा रस्ता धरावा लागतो. गाडी कुणाची, पैसे कुणाचे, आणि घरात कोण म्हणणार की एका कुत्र्यासाठी एवढा खर्च करूया? म्हणून शहरातल्या बाईने हाडाबाबत केलेली हयगय आणि आपण केलेली हयगय यांत फरक आहे. आपल्याकडे पुढचा दरवाजा बहुधा बंदच असतो.

"मग पाकिटातलं हाड आणू, ते कंपनीचं असतं," असं काहीजणी म्हणतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ मध्ये कुत्रे पाळणाऱ्यांना एक इशारा दिला होता. भाजून, धुरावर वाळवून पाकिटात विकल्या जाणाऱ्या हाडांबद्दल त्यांच्याकडे सुमारे ६८ तक्रारी आल्या होत्या. त्यांत जवळपास ९० कुत्रे आजारी पडले होते आणि १५ च्या आसपास दगावले होते. म्हणजे वेष्टन चकचकीत झालं तरी भाजलेलं हाड ते भाजलेलंच.

कच्च्या हाडाची बाजू घेणारेही आहेत. ते तितकं ठिसूळ नसतं हे खरं, पण दात तुटायचे ते त्यानेही तुटतात, आणि आपल्या उन्हाळ्यात कच्चं मांस किती वेळ चांगलं राहतं ते मी तुम्हाला सांगायला नको. त्याहून मोठी भीती वेगळीच आहे. खाटकाच्या दुकानामागे शेळ्या-मेंढ्यांची फुप्फुसं, काळीज, आतडी टाकलेली असतात आणि कुत्री त्यावर तुटून पडतात. त्यात एका फीतकृमीच्या पिशव्या असू शकतात. तो जंत कुत्र्याच्या आतड्यात वाढतो, त्याची अंडी विष्ठेतून अंगणात येतात, आणि अंगणात खेळणाऱ्या मुलाच्या हातातून त्याच्या तोंडात. मग माणसाच्या यकृतात किंवा फुप्फुसात पाण्याच्या गाठी होतात. डॉक्टर त्याला हायडॅटिड म्हणतात. तेव्हा कच्चे अवयव नकोच, आणि डॉक्टरांना विचारून कुत्र्याला ठरल्या वेळी जंताचं औषध द्यायचं.

आता दुकानातल्या त्या पांढऱ्या, गाठी मारलेल्या हाडाकडे वळू. आजकाल आपल्या बाजारपेठेतही कोंबडीखाद्याच्या दुकानात ती टांगलेली दिसतात. बऱ्याच शाकाहारी घरांतून ती "कॅल्शियमची" म्हणून निर्धास्तपणे आणली जातात. बायांनो, गाठीचं ते हाड बहुतेकदा जनावराच्या कातडीचं असतं! कातडीचा आतला थर सोलून, धुऊन, वाळवून, वळून त्याला हाडाचा आकार देतात. तुमच्या घरात चालतं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, पण माहीत तरी असू द्या. कुत्र्याच्या दृष्टीने अडचण अशी, की चघळून चघळून ती कातडी लिबलिबीत होते, आणि अधाशी कुत्रा तिचा मोठा तुकडा न चावताच गिळतो. तो पोटात फुगतो, वाट अडवतो. लॅबसारख्या हावऱ्या कुत्र्याला तर ती देऊच नये असं माझं मत आहे.

हरणाची शिंगं, जनावरांची खुरं, याकच्या दुधाचं ते कडक चीज, हेही हल्ली मिळतं. घेताना एक युक्ती करा. अंगठ्याचं नख त्यात रुतवून बघा. नखाचा व्रण उमटला तर ठीक. जराही उमटला नाही तर ते कुत्र्याच्या दातापेक्षा कडक समजा. वरच्या जबड्यातली मोठी दाढ अशाच वस्तूंनी उभी चिरते. कुत्रा बोलत नाही, एका बाजूने खाऊ लागतो, आणि आपण म्हणतो म्हातारा झाला.

हाडाशिवायही पोटात अडकणाऱ्या गोष्टी आपल्याकडे ऋतूप्रमाणे येतात. मे महिन्यात आंब्याची कोय, पावसाळ्यात दाणे खाऊन टाकलेलं मक्याचं कणीस. दोन्हींना गोड वास असतो, दोन्ही गिळली जातात आणि दोन्ही आतड्यात बूच बसवतात. सांगली-तासगावच्या आणि नाशिककडच्या मैत्रिणींनी तर विशेष ऐका. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतात. किती खाल्ल्यावर होईल याचा नेम नाही, एखाद्याला थोड्यानेही होतं. यामागे टार्टारिक आम्ल असावं असं अमेरिकेतल्या पशुवैद्यकांनी २०२१ मध्ये मांडलं, आणि हेच आम्ल आपल्या चिंचेतही भरपूर असतं. सत्यनारायणाचा शिरा पोरं प्रेमाने मोत्याला भरवतात, त्यातले बेदाणे आठवा. चॉकलेट नको, त्यातही गडद चॉकलेट आणि कोको पावडर तर नकोच. घरात मधुमेही असतील तर शुगरफ्री गोळ्या, च्युइंगगम यांच्या वेष्टनावर झायलिटॉल हा शब्द शोधा. तो असेल तर ती वस्तू कुत्र्याच्या तोंडापासून लांब, कपाटात.

"मग द्यायचं तरी काय?" असं वैतागून विचाराल. पुष्कळ आहे, आणि स्वस्तही. गाजराचा जाड तुकडा द्या, कुरकुरीत असतो, कुत्री आवडीने खातात. काकडी, उकडलेलं रताळं, लाल भोपळा, बिया काढलेली सफरचंदाची फोड, उकडलेलं अंडं. रविवारी रस्सा करायच्या आधी बिनहाडाचे दोन-चार तुकडे मीठ-मसाला न घालता वेगळे शिजवून ठेवले की त्याचीही मेजवानी होते. चघळायची हौस भागवायला जाड रबराचं पोकळ खेळणं मिळतं. त्यात बिनमिठाचा दहीभात भरून फ्रीजमध्ये थंड केलं की कुत्रा अर्धा तास गुंतून राहतो. तीन ते सहा महिन्यांच्या पिल्लाचे दात येत असतात, तेव्हा ते चपला, खुर्चीचे पाय, पोरांची दप्तरं, काहीही कुरतडतं. त्याला मारू नका, असंच थंड काहीतरी द्या. ग्लुकोजची बिस्किटं मात्र हात आखडून. दिवसाच्या एकूण खाण्यात खाऊचा वाटा दहाव्या हिश्शाहून जास्त नको, नाहीतर सोसायटीतल्या काही लॅबसारखी गत होते, चार पायांची गादी!

चघळायला काहीही दिलं तरी ते त्याच्या तोंडापेक्षा मोठं असावं, आणि आपण जवळ असावं. झिजून लहान झालं की काढून घ्यायचं. पण काढून घेताना हिसकायचं नाही, आणि हे काम मुलांवर तर कधीच सोपवायचं नाही. भलता प्रेमळ कुत्राही तोंडातल्या घासासाठी चावतो. पिल्लू असल्यापासून सवय लावा. चिकनचा तुकडा दाखवायचा, "दे" म्हणायचं, त्याने तोंडातलं सोडलं की तुकडा द्यायचा. महिनाभरात शिकतो.

आणि एवढं करूनही त्याने हाड पळवलंच, तर? लाळ गळणं, तोंड ओरबाडणं, ओकारी काढायचा प्रयत्न करूनही काही न पडणं, पोट ताठ होणं, शौचाला कुंथणं किंवा त्यात रक्त दिसणं, खाणं सोडून कोपरा धरणं, यांतलं काही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. घशात बोटं घालून ओढू नका. मिठाचं पाणी पाजून ओकारी काढायला तर जाऊच नका. मीठ स्वतःच विषासारखं बाधतं, आणि टोकदार हाड वर येताना पुन्हा फाडत येतं. तालुक्याच्या डॉक्टरांचा नंबर आजच भिंतीवर, दूधवाल्याच्या नंबराशेजारी लिहून ठेवा.

कुत्र्याला हाकलायलाही आपण "हाड्!" म्हणतो, गंमतच आहे नाही? आपल्याकडे दत्ताच्या पायाशी चार कुत्रे बसतात, खंडोबाच्या चित्रातही कुत्रा असतो, आणि अनेक घरांत शेवटची पोळी त्याची म्हणून आजही काढून ठेवतात. ती पोळी चालू ठेवा, तीत काही वाईट नाही. फक्त तिच्यावर रस्सा घालू नका.

राहिली ताटातली हाडं. ती मागच्या दारी फेकली की आपला मोती नाही तर गल्लीतली कुत्री उचलतातच. रात्री पिशवीत बांधून फाटकाबाहेर ठेवली तरी सकाळपर्यंत पिशवी फाटलेली असते. घट्ट झाकणाचा एक जुना डबा त्यासाठी वेगळा काढा, तो उंचावर ठेवा, आणि घंटागाडी आली की तिच्यातच रिकामा करा.