ब्रशाचे केस कुणाचे?



माझा धाकटा वॉरहॅमर फोर्टी थाउजंडचे सैनिक रंगवतो. नॉटिंगहॅमच्या गेम्स वर्कशॉप कंपनीचा हा १९८७ पासूनचा खेळ: अंतराळातली युद्धं आणि बोटाएवढे प्लॅस्टिकचे सैनिक. सासूबाईंना त्यांच्या बंदुका खटकतात. भावहिंसेचा त्यांचा मुद्दा मी हसण्यावारी नेत नाही, पण माझ्या मते आधी ब्रश बघावा.

या छंदात 'कोलिन्स्की सेबल' ब्रश सर्वांत भारी मानतात. त्याचे केस सायबेरियातल्या वीझल या छोट्या प्राण्याच्या शेपटीचे. मेंढीच्या लोकरीसारखे ते कातरून काढत नाहीत, प्राणी मारूनच मिळतात.

नायलॉनचा ब्रश चालतो. त्याचं टोक लवकर वाकतं, डोळे रंगवताना वैताग येतो, हे खरं. मग दुसरा घ्यावा, स्वस्त असतो. शिवाय सैनिक लढून आलेला, मळलेला दाखवायला (याला वेदरिंग म्हणतात) नाजूक टोक लागतच नाही. पॅकिंगच्या फोमचा तुकडा फाडायचा, गडद तपकिरी रंगात बुडवून आधी कागदावर टिपायचा, मग चिलखताच्या कडांवर हलकेच टेकवत जायचा. रंग उडाल्यासारखा दिसतो. त्याखाली पातळ केशरी रेघ ओढली की झाला गंज!

दुकानात पाकीट वाचा. 'हॉग' म्हणजे डुकराचे केस. 'सिंथेटिक सेबल' मात्र चालेल, ती नुसती नक्कल असते.

सासूबाईंचा बंदुकांवरचा आक्षेप अजून कायम आहे.