नेम धरण्याआधी

बंदूक हा शब्द आपल्या घरांत सहज उच्चारला जात नाही. नातवाने खेळण्यातले पिस्तूल मागितले तरी दादी म्हणते, "दुसरं काही घे बेटा." त्यामुळे या महिन्याचा विषय वाचून काही घरांत कपाळाला आठ्या पडतील, हे आम्ही धरून चाललो आहोत. तरीही लिहीत आहोत, कारण गेल्या काही महिन्यांत ओळखीच्या तीन-चार घरांतून एकच प्रश्न आला. मुलगा किंवा मुलगी रायफल शूटिंग शिकायचे म्हणते, पाठवावे का?

ऐकीव माहितीवर उत्तर देणे बरोबर नव्हते. म्हणून शहरातल्या एका शूटिंग क्लबाने नवशिक्यांसाठी ठेवलेले शनिवार-रविवारचे शिबिर आम्ही दोन्ही दिवस बसून पाहिले. वीस-बावीस जण होते. शाळकरी मुले, कॉलेजच्या मुली, एक बँकेतले गृहस्थ आणि मुलांना सोडायला येऊन तिथेच थांबलेले पाच-सहा आई-बाप.

आधी हे लक्षात घेऊ की हा खेळ आपल्या मातीला परका नाही. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकमध्ये ५० मीटर रायफल प्रोन प्रकारात विश्वविजेत्या झाल्या. ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलने २०२२ मध्ये कैरोला १० मीटर एअर रायफलचे विश्वविजेतेपद मिळवले. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक जिंकले. तो रेल्वेत तिकीट तपासनीस होता. म्हणजे हा फक्त राजेरजवाड्यांचा शौक उरलेला नाही, नोकरदार घरातले मूलही इथवर पोहोचते.

शनिवारी दुपारपर्यंत एकाही मुलाला रायफलमध्ये छर्रा भरू दिला नाही. पहिले दोन तास फक्त सुरक्षेचे नियम. रायफल भरलेली नाही हे माहीत असले तरी ती भरलेली आहे असेच समजायचे. नळीचे तोंड नेहमी टार्गेटच्या दिशेला. नेम धरेपर्यंत बोट चापावर ठेवायचे नाही. कुणी पुढे टार्गेटकडे गेले असेल तर रायफलला हात लावायचा नाही. रिकाम्या रायफलच्या नळीत भडक रंगाची दोरी ओवलेली असते. ती दिसली की लांबूनही कळते, आत काही नाही. "स्टॉप" हा शब्द कुणीही, अगदी सर्वांत लहान मुलानेही उच्चारला तरी सगळ्यांनी थांबायचे. एका मुलाने गंमत म्हणून रिकामी रायफल मित्राकडे वळवली. प्रशिक्षकांनी आवाज न चढवता त्याला बाकावर बसवले आणि त्या दिवशी पुन्हा रायफल दिली नाही. मुलाचे वडील तिथेच होते. तेही काही बोलले नाहीत, आणि ते आम्हाला आवडले.

मग उभे राहायला शिकवले. स्पर्धेची एअर रायफल साडेपाच किलोपर्यंत असू शकते. हे वजन हाताच्या ताकदीवर पेलायचे नसते, हाडांच्या आधारावर ठेवायचे असते. डावे कोपर कमरेच्या हाडावर टेकते आणि रायफलचा भार थेट पायांत उतरतो. त्यानंतरची गोष्ट फारच साधी आणि तितकीच नवलाची होती. नेम धरा, डोळे मिटा, दोन श्वास घ्या, डोळे उघडा. रायफल टार्गेटवरून सरकलेली दिसली तर हाताने ओढून आणायची नाही, पाय सरकवायचे. हाताने ओढलेला नेम चाप दाबताना पुन्हा मूळ जागी जातो.

रविवारी छर्रे मिळाले. टार्गेट १० मीटरवर. त्याचा काळा गोल साडेतीस मिलिमीटरचा, आणि मधोमध दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, म्हणजे आपल्या छापील पूर्णविरामाएवढा. नवशिकी मुले साहजिकच त्या ठिपक्यामागे लागली. प्रशिक्षकांनी त्यांना थांबवले. "दहा विसरा. पाच छर्रे एका जागी पाडा, कुठेही पडोत." पाचही छर्रे खाली डावीकडे पण जवळजवळ पडले, तर नेमबाजाची पद्धत ठीक आहे, फक्त साइटचा स्क्रू फिरवायचा आहे. पण एक दहावर आणि चार चहूकडे गेले, तर तो दहा नशिबाचा. आपण मुलांचा एका विषयातला एक चांगला मार्क पाहून खूश होतो, तेव्हा हे आठवावे असे आम्हाला वाटले.

श्वासाचेही तसेच. अर्धा श्वास सोडून थांबायचे आणि सहा-आठ सेकंदांत चाप हळूच दाबायचा. तेवढ्यात जमले नाही तर हट्टाने धरून ठेवायचे नाही, कारण डोळा थकतो आणि हात कापू लागतो. रायफल खाली घ्यायची, श्वास घ्यायचा, पुन्हा सुरुवात करायची. स्पर्धेत साठ छर्रे आणि सव्वा तास असतो, म्हणजे घाई करायचे कारण नाही. एक सातवीतली मुलगी तीनदा रायफल खाली घेऊन चौथ्यांदा चाप दाबताना आम्ही पाहिली. तिच्या अम्मीने आम्हाला हळूच सांगितले, "घरी ही बाई एक मिनिट शांत बसत नाही."

आता त्या प्रश्नाकडे येऊ, जो शिबिरात मोठ्याने कुणी विचारला नाही. चहाच्या वेळी एका वडिलांनी आम्हाला बाजूला घेऊन म्हटले, "भाईसाहेब, खेळ चांगला आहे. पण आपल्या पोराच्या हातात रायफल दिसली, तर उद्या लोक काय म्हणतील?" त्यांचा मुलगा दोन दिवसांत सर्वांत शांत हाताचा ठरला होता, आणि त्याचे पुढच्या वर्गात नाव घालावे की नाही या विचारात ते होते.

ही भीती पोकळ आहे असे आम्ही म्हणणार नाही. पण तिचे उत्तर मुलाला घरी बसवण्यात नाही, सगळे उघड आणि कागदावर ठेवण्यात आहे. शस्त्रांचा कारभार १९५९ चा शस्त्र कायदा आणि २०१६ चे शस्त्र नियम यांवर चालतो. ४.५ मिलिमीटर छर्ऱ्याच्या आणि २० जूलपर्यंत जोर असलेल्या एअर रायफलला परवाना लागत नाही. .२२ च्या रायफलला लागतो. तरीही आमचा सल्ला असा की सुरुवातीला रायफल घरी आणूच नये. क्लबातच, क्लबाच्या रायफलवर, रजिस्टरमध्ये नाव लिहून शिकावे. फीची पावती, ओळखपत्र, प्रमाणपत्र एका फाइलमध्ये ठेवावे. शाळेच्या मुख्याध्यापकांना आणि शेजाऱ्यांना आपणहून सांगावे की मूल नेमबाजी खेळते. आणि रायफल हातात घेतलेले फोटो स्टेटसला, रीलला टाकू देऊ नयेत. फोटो काढायचाच तर टार्गेटच्या कागदाचा काढावा. हा सल्ला सर्वच मुलांना लागू आहे. आपल्या मुलांना तो जरा जास्त ठासून सांगावा लागतो, हे कटू आहे. पण म्हणून ज्या मुलाचा हात स्थिर आहे, त्याला मैदानाबाहेर ठेवणे हा त्याच्यावरच अन्याय होईल. आम्ही त्या वडिलांना हेच सांगितले. निघण्यापूर्वी ते फॉर्म घेऊन गेले. भरला की नाही, ते त्यांच्या घरचे बोलणे.

मुलींच्या बाबतीत काही घरांत पोशाखाची शंका असते. शूटिंगचे जाकीट आणि पँट जाड, अंगभर असतात. स्कार्फ पिनेने नीट बसवला, डोळ्यापुढे आणि पट्ट्यात येऊ दिला नाही, की अडचण राहत नाही. शिबिरात दोन मुली तशाच उभ्या होत्या आणि कुणी वळूनही पाहिले नाही. कतारची एअर रायफल नेमबाज बहिया अल हमद हिने २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकच्या उद्घाटनात देशाचा झेंडा धरला होता. त्याच ऑलिम्पिकमध्ये मलेशियाची नूर सूर्यानी तैबी आठ महिन्यांची गरोदर असताना एअर रायफल खेळली. आपल्या देशात उत्तर प्रदेशातल्या खुर्जाचे मैराज अहमद खान यांनी २०२२ मध्ये चांगवनच्या विश्वचषकात स्कीट प्रकारात सुवर्ण मिळवले. तो शॉटगनचा प्रकार असला तरी मुलांना हे नाव जरूर सांगावे.

खर्चाचे मात्र स्पष्ट बोलले पाहिजे. स्पर्धेची परदेशी बनावटीची एअर रायफल लाखाच्या बरीच पुढे जाते. जाकीट, पँट, बूट आणि छर्रे वेगळे. पहिले वर्षभर यातले काहीही विकत घेऊ नये. कॉलेजात एनसीसी असेल तर तिथे .२२ रायफलचा सराव मिळतो, आणि त्यासाठी वेगळे पैसे मोजावे लागत नाहीत. मुंबईत वरळी आणि पुण्यात बालेवाडी इथे मोठ्या रेंज आहेत. इतर शहरांत जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात चौकशी करावी.

क्लब निवडताना आई-बापांनी स्वतः जाऊन एक तास बसावे. रायफली आणि छर्रे कुलपात राहतात का? एका प्रशिक्षकाकडे मुले किती? पहिल्या दिवशीच "चला, मारा" म्हणत असतील तर नमस्कार करून परत यावे. जोहरच्या वेळी दहा मिनिटांची मोकळीक मिळेल का, हे आधीच विचारावे. आमच्या शिबिरात जेवणाची सुट्टी त्याच वेळी होती, म्हणून प्रश्नच आला नाही.

आणि शेवटी घरच्या बाईमाणसांसाठी एक गोष्ट, जी क्लबवाले घाईत सांगायची विसरतात. छर्रे शिशाचे असतात आणि शिसे पोटात जाणे लहान मुलांना फार अपायकारक. सराव झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय डब्याला हात लावू देऊ नका. छर्रे तोंडात धरायची काही मुलांना सवय असते, ती पहिल्याच दिवशी मोडा. घरी आल्यावर सरावाचे कपडे वेगळे टाका, आणि धाकट्या भावंडांना उचलून घेण्याआधी पुन्हा एकदा हात धुवायला सांगा.